काउंट घटले म्हणजे न्यूट्रॉन तापले का?

मंदकाचे, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या मॉडरेटरचे तापमान बदलले की औष्णिक, म्हणजे मंदकाच्याच तापमानाला आलेल्या न्यूट्रॉनांचे काय होते, आणि ते मोजायचे कसे, यावर बडोद्याच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. काउंट (काउंटरने मोजलेली संख्या), फॉइल (पातळ पत्रा), फ्लक्स (न्यूट्रॉनांची घनता गुणिले वेग), बॅकग्राउंड (नको असलेले आगंतुक काउंट) हे शब्द प्रयोगशाळेत जसे तोंडात असतात तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : दोनशे लिटरच्या पाण्याच्या टाकीत मधोमध न्यूट्रॉन सोडणारा अमेरिशियम-बेरिलियमचा स्रोत आणि बाजूला बीएफ-थ्री काउंटर (बोरॉन ट्रायफ्लुओराइड वायूची, न्यूट्रॉन मोजणारी नळी), अशी आमची मांडणी आहे. पाणी २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवले. वर्गमुळाच्या नियमाने काउंट ८ टक्के घटतील असा हिशोब होता. प्रत्यक्षात स्रोतापासून ५ सेंमीवर थोडी घट दिसली, पण २० सेंमीवर काउंट चक्क वाढले. उपकरण बिघडले आहे का?
(एम.एस्सी.चा विद्यार्थी, फतेगंज)

उपकरण ठीक आहे, हिशोबात गोची आहे. केल्व्हिनमध्ये तुमची तापमाने २९८ आणि ३५३. त्यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ ०.९२ येते, म्हणून ८ टक्के. गणित बरोबर आहे, पण ते बोरॉनच्या सरासरी काटछेदाचे, म्हणजे न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेच्या मापाचे आहे, काउंटचे नाही.

बोरॉन-१० चा काटछेद न्यूट्रॉनच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो. न्यूट्रॉन दुप्पट वेगाने आला तर पकडला जाण्याची शक्यता निम्मी. पण काउंटचा दर म्हणजे न्यूट्रॉनांची घनता गुणिले वेग गुणिले काटछेद. वेग वर एकदा येतो, खाली एकदा येतो आणि कटतो. हाती उरते ती फक्त घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये त्या क्षणी किती न्यूट्रॉन आहेत तो आकडा. थोडक्यात, पातळ बीएफ-थ्री काउंटर डोकी मोजतो, चाल मोजत नाही. तुमचे ८ टक्के कुठेही हरवलेले नाहीत. काटछेद तेवढा घटला, फ्लक्स त्याच गुणोत्तराने वाढला आणि दोघांनी एकमेकांना पुसून टाकले.

टाकीतला हायड्रोजनही न्यूट्रॉन शोषतो आणि तोही याच नियमाने. त्यामुळे पाण्यातल्या औष्णिक न्यूट्रॉनाचे सरासरी आयुष्य, साधारण २०० मायक्रोसेकंद, तापमानावर जवळजवळ अवलंबून नसते. ते अवलंबून असते पाण्याच्या घनतेवर. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७, ८० अंशांना ०.९७२. म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक, आणि तुमच्या निरीक्षणाचे मूळ मुख्यतः इथे आहे. पाणी विरळ झाले की स्रोतातून निघालेले जलद न्यूट्रॉन मंद होण्याआधी थोडे लांब जातात आणि औष्णिक झाल्यावरही थोडे लांब पसरतात. ढग फुगतो. मध्यभागी तो विरळ होतो, कडेला दाट होतो. म्हणून ५ सेंमीवर घट आणि २० सेंमीवर वाढ.

मधे कुठेतरी घट संपून वाढ सुरू होणार. ती जागा शोधायला सोपी युक्ती आहे. थंड पाण्यात वेगवेगळ्या अंतरांवर काउंट घ्या, प्रत्येक आकड्याला अंतराच्या वर्गाने गुणा आणि आलेख काढा. त्याचे शिखर जिथे येईल, त्याच्या आसपास काउंटर ठेवला तर घनतेचा परिणाम जवळजवळ शून्य होतो. ही जागा आधी हुडकून ठेवली नाही, तर घनतेचा परिणाम तापमानाच्या नावावर खपतो.

काउंटर ‘पातळ’ आहे की नाही हेही तपासा. २.५ सेंमी व्यासाच्या, एक वातावरण दाबाच्या आणि बोरॉन-१० ने ९६ टक्के समृद्ध केलेल्या बीएफ-थ्री नळीत व्यासातून जाणाऱ्या औष्णिक न्यूट्रॉनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा शोषला जातो. तेवढ्याच व्यासाची, पण ४ वातावरण दाबाची हीलियम-३ नळी सुमारे पाऊण हिस्सा गिळते. अशी जाड नळी घनतेपेक्षा फ्लक्सकडे झुकते, म्हणजे तिला चाल थोडीफार कळते. बॅचमधल्या एकाने बीएफ-थ्रीवर आणि दुसऱ्याने हीलियम-३ वर प्रयोग केला, तर दोघांची उत्तरे जुळणार नाहीत, आणि दोघेही बरोबर असतील.

आता मांडणीबद्दल. यातल्या बहुतेक चुका भौतिकशास्त्राच्या नसून पाण्याच्या असतात.

पाणी तापू लागले की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि काउंटरच्या नळीवर, स्रोताच्या नळीवर मोत्यांसारखे बुडबुडे चिकटतात. तो थर म्हणजे काउंटरभोवती पाणी नसलेली जागा. उपाय एकच : आदल्या दिवशी पाणी ९० अंशांच्या वर तासभर ठेवून, झाकून थंड करा आणि तेच वापरा. तरीही मोजणीआधी नळीवरून ब्रश फिरवा.

गरम पाणी वर, थंड खाली. तळाशी हीटर असला तरी तो बंद केल्यावर थर लागतात. टाकीत तीन उंचींवर पीटी-१०० (प्लॅटिनमचे तापमापक) लावा. तिन्हींत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर मोजणी सुरू करू नका. ढवळणारा पंप हवा ओढत नाही ना, हेही पाहा. एकच थर्मामीटर, तोही हीटरशेजारी, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार.

टाकी गच्च भरू नका, पाणी प्रसरण पावते. पण पातळी घसरूही देऊ नका. झाकण नसेल तर ८० अंशांना बाष्पीभवन चांगलेच होते. टाकीत १०० लिटर पाणी असेल तर २५ वरून ८० ला न्यायला साडेसहा युनिटच्या आसपास वीज लागते. दोन किलोवॅटच्या हीटरला सव्वातीन तास, आणि भिंतींतून जाणारी उष्णता धरून चारच्या पुढे. पूर्ण २०० लिटर असेल तर दुप्पट. घाईने ७० वरच ‘स्थिर झाले’ म्हणून मोजणाऱ्यांचा आलेख वर जाताना एक आणि खाली येताना दुसरा निघतो. तापवताना आणि निवताना, दोन्ही वेळा त्याच तापमानांवर काउंट घ्यायचे ते याचसाठी.

प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे काउंटरचा संकेत वाढवणारी डबी, वाफेच्या वर टांगू नका. तो तापला की गेन, म्हणजे वाढवण्याचे प्रमाण, सरकतो आणि लहान पल्स गाळणाऱ्या डिस्क्रिमिनेटरखाली कामाचे पल्सही गळायला लागतात. तो टाकीपासून हातभर दूर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. प्रत्येक तापमानाला पल्स-उंचीचा स्पेक्ट्रम घेऊन शिखर जागेवर आहे ना ते बघा.

काउंट किती हवेत? काही टक्क्यांचा बदल अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने दाखवायचा असेल तर प्रत्येक तापमानाला ८०,००० च्या आसपास काउंट लागतात, कारण दोन आकड्यांच्या वजाबाकीत दोघांची त्रुटी जमा होते. १०,००० वर थांबलात तर एकाच आकड्यात १ टक्का गेला.

प्रत्येक वेळी काउंटरवर १ मिमी जाडीची कॅडमियमची टोपी घालून दुसरी मोजणी घ्या. कॅडमियम सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खालचे न्यूट्रॉन जवळजवळ सगळे अडवते. उघड्या काउंटमधून झाकलेले काउंट वजा केले की उरतात ते औष्णिक. टोपीत पाणी शिरू देऊ नका. स्रोत थेट गरम पाण्यात नको. तळ बंद असलेल्या कोरड्या ॲल्युमिनियमच्या नळीत ठेवा. एक क्युरीचा असा स्रोत सेकंदाला वीस लाखांच्या वर न्यूट्रॉन सोडतो, तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि किरणसुरक्षा अधिकाऱ्याची हजेरी ही औपचारिकता समजू नका.

प्रश्न : न्यूट्रॉन हा एकच कण. मग त्याला तापमान कसे असेल?
(इयत्ता नववी, दांडिया बाजार)

एकट्याला नसतेच. तुझा प्रश्न अगदी नेमका आहे. नवरात्रात गरब्याच्या मैदानात कोण जोरात फिरतो, कोण रेंगाळतो. एकाकडे बघून मैदानाची लय सांगता येत नाही, सगळ्यांकडे बघून येते. न्यूट्रॉनांचेही तसेच. पाण्याच्या रेणूंना आपटत आपटत ते वेग गमावतात आणि शेवटी रेणूंच्याच लयीत येतात. हायड्रोजनवर सरासरी १८ टकरा पुरतात, जड हायड्रोजनवर २५ च्या आसपास, कार्बनवर शंभराच्या वर. त्यानंतर कोणी जरा जोरात, कोणी सावकाश, पण त्या वाटणीला मॅक्सवेलची वाटणी म्हणतात आणि तिला एक तापमान देता येते. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात या वाटणीत सर्वाधिक आढळणारा वेग सेकंदाला २,२०० मीटर, आणि त्याला जोडलेली ऊर्जा ०.०२५३ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

प्रश्न : काउंटरला चाल कळत नसेल, तर न्यूट्रॉनांचे तापमान फॉइलने मोजता येते का? कोणती फॉइल आणि पायऱ्या कोणत्या?
(प्रयोगशाळा साहाय्यक, सयाजीगंज)

येते, पण एका फॉइलने नाही, जोडीने. न्यूट्रॉन शोषून फॉइल किरणोत्सारी होते, यालाच सक्रियण म्हणतात; ते नंतर मोजायचे. सोने, मँगनीज, तांबे ही औष्णिक भागात जवळजवळ व्यस्त-वेगाच्या नियमाने वागणारी मंडळी. तीही फक्त घनताच सांगतात. जोडीतली दुसरी फॉइल नियम मोडणारी हवी, म्हणजे जिचे अनुस्पंदन, ज्याला सगळे रेझोनन्स म्हणतात ते (ठरावीक ऊर्जेला शोषणाची एकदम उसळी), औष्णिक पट्ट्याच्या शेजारी आहे. त्यासाठी ल्युटेशियम-१७६ सारखे दुसरे काही नाही. त्याचा रेझोनन्स ०.१४१ इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे. न्यूट्रॉन थोडे तापले की वाटणीची शेपटी त्या रेझोनन्सवर चढते आणि ल्युटेशियमचे सक्रियण मँगनीजच्या तुलनेत झपाट्याने वाढते. २० वरून ८० अंशांवर न्यूट्रॉन तापले तर हे गुणोत्तर वीस टक्क्यांहून थोडे अधिकच वाढते. टाकीतल्या काउंटच्या तुलनेत ही मोठी खूण आहे.

रेझोनन्स अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली असल्याने कॅडमियमची वजाबाकी तो काढून टाकत नाही. इंडियम आणि सोने इथे कमी पडतात ते याचमुळे : त्यांचे मोठे रेझोनन्स १.४६ आणि ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे कॅडमियमच्या कुंपणाच्या पलीकडे.

करायचे असे. ल्युटेशियम शुद्ध पत्र्याच्या रूपात जाड पडते. बाहेरच्या थराने आतल्या थरावर सावली धरली की रेझोनन्सचे शिखर बोथट होते आणि तापमान कमी मोजले जाते. म्हणून ॲल्युमिनियमध्ये थोडे ल्युटेशियम मिसळलेला मिश्रधातू, किंवा ॲल्युमिनियमच्या चकतीवर पातळ पसरलेला ऑक्साइड घ्या. मँगनीजसाठीही ॲल्युमिनियम-मँगनीजची तार किंवा फॉइल. दोन्ही एकाच आकाराच्या चकत्या, एकमेकींना लागून, पातळ ॲल्युमिनियमच्या डबीत, पाणी शिरणार नाही अशा बंद करून. त्याच जागी नंतर कॅडमियममध्ये झाकलेली दुसरी जोडी. उघडी आणि झाकलेली जोडी एकाच वेळी शेजारी ठेवू नका. कॅडमियम आजूबाजूचे न्यूट्रॉन ओढून घेते आणि उघड्या जोडीचा आकडा खाली जातो.

मँगनीज-५६ चे अर्धायुष्य २.५८ तास, ल्युटेशियम-१७७ चे ६.६५ दिवस. म्हणून मोजणीचा क्रम ठरलेला : किरणन, म्हणजे न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवणे, संपवून अणुभट्टीतून बाहेर काढले की आधी मँगनीज त्याच दिवशी, ल्युटेशियम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मधे ल्युटेशियम-१७५ पासून झालेले ३.६६ तासांचे ल्युटेशियम-१७६एम विझून जाते. घाईने त्याच संध्याकाळी ल्युटेशियम मोजणाऱ्याला त्या कचऱ्याचे काउंट मिळतात. किरणन सुरू आणि बंद करण्याची वेळ, मोजणी सुरू करण्याची वेळ मिनिटाला नोंदवा. मँगनीजच्या बाबतीत पाच मिनिटांची चूक म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक.

आता एक खास खाच. ल्युटेशियम-१७६ निसर्गतःच किरणोत्सारी आहे. एक ग्रॅम नैसर्गिक ल्युटेशियमातून सेकंदाला पन्नासेक विघटने होतात आणि त्यातून २०२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा निघतो. तुम्हाला मोजायचा गॅमा २०८ चा. सोडियम आयोडाइडचा स्फटिक हे दोन वेगळे ओळखू शकत नाही, दोन्ही एकाच ढिगाऱ्यात टाकतो. जर्मेनियमचा डिटेक्टर असेल तर शिखरे सुटी दिसतात. नसेल तर किरणनाआधी तीच फॉइल त्याच जागी, तेवढ्याच वेळ मोजून ठेवा आणि वजा करा. बॅकग्राउंड म्हणून रिकामा डिटेक्टर मोजून भागत नाही.

काउंटवरून थेट तापमान काढू नका, कारण त्यासाठी वजन, डिटेक्टरची कार्यक्षमता, काटछेद सगळे अचूक लागते. गुणोत्तराचे गुणोत्तर घ्या. आधी हीच जोडी ज्या जागी न्यूट्रॉन पूर्ण औष्णिक आहेत आणि ज्याचे तापमान ठाऊक आहे अशा ठिकाणी, म्हणजे अणुभट्टीला जोडलेल्या ग्राफाइटच्या रचनेत, थर्मल कॉलममध्ये, आत खोलवर, किरणित करा. मग गरम मंदकात. ल्युटेशियम भागिले मँगनीज हे गुणोत्तर दोन्हीकडे काढून एकाला दुसऱ्याने भागले की वजन आणि कार्यक्षमता दोन्ही कटतात, उरते ती तापमानाची खूण. ती छापील जी-गुणकांच्या (व्यस्त-वेगाच्या नियमापासून काटछेद किती ढळतो त्याच्या मापाच्या) कोष्टकाशी जुळवायची.

आलेले उत्तर मंदकाच्या थर्मामीटरपेक्षा जास्त असेल तर दचकू नका. शोषण जिथे जोरात आहे, तिथे सावकाश न्यूट्रॉन आधी पकडले जातात आणि उरलेल्या घोळक्याची सरासरी वर सरकते. शिवाय वरून जलद न्यूट्रॉनांची आवक सतत चालूच असते. म्हणून न्यूट्रॉनांचे तापमान मंदकापेक्षा थोडे वरच राहते; इंधनाच्या जवळ अधिक, शुद्ध पाण्यात खोलवर नाममात्र. उत्तर मंदकापेक्षा खाली आले, तर मात्र फॉइलची जाडी किंवा वेळेची नोंद पुन्हा तपासा.

प्रश्न : काकरापारच्या अणुभट्टीत जड पाणी (जड हायड्रोजनचे पाणी) दोन ठिकाणी असते असे ऐकले. एक अडीचशे अंशांच्या वर, दुसरे जेमतेम साठ-सत्तर अंश. जे न्यूट्रॉन मंद करते ते थंड का ठेवतात, आणि त्याच्या तापमानाचा परिणाम चालू भट्टीत मोजतात कसा?
(खत कारखान्यातून निवृत्त, छाणी रस्ता)

जड पाण्याशी आपल्या शहराचे नाते जुने आहे. खत कारखान्याच्या संश्लेषण वायूतून अमोनिया-हायड्रोजन विनिमय पद्धतीने ते काढणारा बडोद्याचा कारखाना १९७७ मध्ये सुरू झाला, हे आपल्याला सांगायला नको.

काकरापारमध्ये कॅलँड्रिया नावाची मोठी आडवी टाकी आहे. तिच्यात मंदक जड पाणी, जवळजवळ वातावरणाच्याच दाबाला. २२० मेगावॅटच्या भट्टीत या टाकीतून ३०६ नळ्या आरपार जातात, ७०० मेगावॅटच्या भट्टीत ३९२. नळीच्या आत इंधन आणि जोरदार दाबाखालचे गरम जड पाणी, जे उष्णता बॉयलरकडे नेते. दोहोंमध्ये आणखी एक नळी आणि दोन नळ्यांच्या फटीत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णतेला आडकाठी. तरीही गॅमा किरण आणि मंद होणारे न्यूट्रॉन मंदकात उष्णता टाकतातच. एकूण उष्णतेचा साधारण विसावा हिस्सा तिथे पडतो आणि तो सतत बाहेर काढावा लागतो.

थंड ठेवण्याचे पहिले कारण साधे आहे. दाब नाही, म्हणून उकळू द्यायचे नाही; जड पाणी १०१.४ अंशांना उकळते. दुसरे कारण घनतेचे. थंड पाणी दाट, न्यूट्रॉन बाहेर कमी निसटतात. आणि हे पाणी महाग आहे, तेव्हा वाफ गळू देणेही परवडत नाही.

परिणामाची दिशा मात्र एकाच शब्दात सांगता येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. ताज्या इंधनात युरेनियम-२३५ असते. त्याचा विखंडन काटछेद व्यस्त-वेगाच्या नियमापेक्षा किंचित वेगाने घसरतो, त्याचा जी-गुणक एकाहून थोडा कमी, ०.९८ च्या आसपास. न्यूट्रॉन तापले की त्याचे थोडे नुकसान. पण इंधन जळत जाते तसे त्यात प्लुटोनियम-२३९ साठत जाते आणि त्याचा रेझोनन्स ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे. न्यूट्रॉन तापले की प्लुटोनियमचा हिस्सा वाढतो. म्हणून तीच भट्टी नव्या इंधनावर आणि जुन्या इंधनावर मंदकाच्या तापमानाला वेगवेगळी प्रतिक्रिया देते. मंदकात न्यूट्रॉन शोषायला बोरॉन विरघळवलेले असेल तर आणखी एक पदर : पाणी प्रसरण पावले की बोरॉनही विरळ होते. ‘तापमान गुणांक’ म्हणून एकच आकडा सांगणाऱ्याला आधी विचारायचे, कोणत्या इंधनाला आणि किती बोरॉनला.

मोजणीसाठी भट्टी अगदी कमी शक्तीवर, पण क्रांतिक अवस्थेत (विखंडनाची साखळी जेमतेम स्वतःच्या बळावर चालू असताना) स्थिर ठेवतात, तीही बऱ्याच दिवसांच्या बंदनंतर. विखंडनातून होणाऱ्या आणि न्यूट्रॉन भरपूर शोषणाऱ्या झेनॉन-१३५ चे अर्धायुष्य ९ तासांहून थोडे अधिक आहे. ते वाढत-घटत असेल तर मंदकाचा परिणाम त्याखाली गाडला जातो. मग मंदकाच्या उष्णता-विनिमयकातून जाणारे थंड पाणी कमी करून मंदक काही अंश तापू देतात. कमी शक्तीला उष्णता मुख्यतः पंपांचीच, म्हणून चढ हळू असतो, आणि तो हळूच हवा. प्रत्येक टप्प्यावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जड पाण्याचे तापमान जुळेपर्यंत थांबायचे. मग शक्ती पुन्हा स्थिर करायला नियंत्रण दांडी किती सरकवावी लागली, ते नोंदवायचे. दांडीचे मूल्य आधीच ठाऊक असते. त्यावरून बदल मिली-के मध्ये, म्हणजे गुणन गुणांकाच्या (एका पिढीतून पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पट होतात त्या आकड्याच्या) हजाराव्या भागात मिळतो. त्याला अंशांनी भागायचे.

इथे आयन कक्षाच्या, म्हणजे भट्टीची शक्ती दाखवणाऱ्या न्यूट्रॉन-मापकाच्या, काउंटवर विसंबणे चुकीचे. तो भट्टीच्या गाभ्याबाहेर असतो. मधले पाणी तापले की त्याच्यापर्यंत पोहोचणारे न्यूट्रॉनच बदलतात. फतेगंजच्या विद्यार्थ्याच्या टाकीत झाले तेच इथे मोठ्या प्रमाणावर होते. म्हणून शक्ती स्थिर आहे ना, एवढेच त्याला विचारायचे. परिणाम दांडीच्या जागेवरून वाचायचा.

मोजणी चालू असताना जड पाणी शुद्ध करणारे रेझिनचे स्तंभ बाजूला काढून ठेवतात. नाहीतर ते बोरॉन ओढत राहतात आणि दांडी सरकते ती त्यापायी, मंदक तापल्यामुळे नाही. चढताना आणि उतरताना रेषा एकावर एक पडली नाही, तर पहिला संशय बोरॉनवर घ्यावा, दुसरा टाकीत तापमान एकसारखे नसल्यावर.

प्रश्न : वेग थेट मोजायचा तर चॉपर, म्हणजे न्यूट्रॉनांचा झोत क्षणभरच सोडणारी फिरती फट, लावतात ना? आमच्या हिशोबाने ५ मीटरच्या मार्गावर शिखर २.२७ मिलिसेकंदांना यायला हवे. एका जुन्या आलेखात ते दीड मिलिसेकंदाच्या आसपास दिसते. आलेख चुकीचा की भट्टी गरम?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मांजलपूर)

दोन्ही नाही. २,२०० मीटर हा वेग घनतेच्या वाटणीचे शिखर आहे. चॉपरमधून येते ती वाटणी तीन वेळा बदललेली असते. झोतात जलद न्यूट्रॉन जास्त संख्येने पडतात, हा एक बदल. तुम्ही वेगाऐवजी वेळेवर आलेख काढता, हा दुसरा. आणि तिसरा डिटेक्टरचा स्वभाव. सगळे गिळणारा जाड डिटेक्टर असेल तर शिखर १.४४ मिलिसेकंदांना येते. पातळ बोरॉनचा असेल तर १.६१ ला. तुमचा जुना आलेख बहुधा या दोहोंमधल्या डिटेक्टरचा असावा.

शिखरावरून तापमान काढायच्या भानगडीत पडूच नये, शिखर सपाट असते. काउंटला वेळेच्या पाचव्या घाताने गुणा (पातळ डिटेक्टर असेल तर चौथ्या घाताने), त्याचा लॉगॅरिदम उभ्या अक्षावर आणि वेळेच्या वर्गाचा व्यस्त आडव्या अक्षावर घ्या. औष्णिक भाग सरळ रेषेत येतो आणि तिचा उतार थेट तापमान सांगतो : गरम मंदकाला उतार कमी, थंडाला जास्त. रेषा डावीकडे सरळ आणि उजवीकडे, म्हणजे कमी वेळेच्या बाजूला वर उचलली जाते. ते अजून औष्णिक न झालेले न्यूट्रॉन. तेवढा भाग सोडून रेषा बसवा.

चॉपरची फट किती वेळ उघडी राहते ते बघा. २० वरून ८० अंशांना जाड डिटेक्टरचे शिखर १.४४ वरून १.३१ मिलिसेकंदांवर सरकते, म्हणजे हालचाल १३० मायक्रोसेकंदांची. फट १०० मायक्रोसेकंद उघडी राहत असेल तर ती हालचाल लिंपून जाईल. ५० च्या खाली आणा, नाहीतर मार्ग लांब करा. लांब केला तर काउंट घटतात, म्हणून सहसा फटच अरुंद करतात.

प्रश्न : गरम करण्याऐवजी मंदक गार केला तर?
(रावपुरा)

तेच पहिल्यांदा केले गेले. १९३५ मध्ये मून आणि टिलमन यांनी पॅराफिन द्रव हवेने थंड करून पाहिले आणि सक्रियण वाढलेले आढळले; मंद न्यूट्रॉन आसपासच्या तापमानाला येतात याचा तो सुरुवातीचा पुरावा. आज फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधन भट्टीत द्रव ड्युटेरियम २५ केल्व्हिनला ठेवून सावकाश, लांब तरंगलांबीचे न्यूट्रॉन मिळवतात, आणि त्याच भट्टीत ग्राफाइटचा ठोकळा दोन हजार अंश सेल्सियसच्या वर तापवून जलद औष्णिक न्यूट्रॉनही. थंड बाजूची अडचण अशी की द्रवाला न्यूट्रॉन आणि गॅमा दोन्ही तापवतात, म्हणून शीतक यंत्रणा थांबली की द्रव उकळतो, दाब चढतो. त्यासाठी वायूला फुगायला आधीच मोठी टाकी जोडून ठेवलेली असते.

तुमच्याकडे टाकी आणि बर्फ दोन्ही असतील तर ८० अंशांपर्यंत जाण्याआधी ४ अंशांचे वाचन घेऊन ठेवा. ४ ते २५ अंशांच्या पट्ट्यात पाण्याची घनता अर्ध्या टक्क्याहूनही कमी बदलते, म्हणून चाल कळणारी जाड हीलियम-३ नळी वापरली तर घनतेचा गोंधळ जवळजवळ वगळून केवळ न्यूट्रॉनांच्या तापमानाचा परिणाम तिथे बराच स्वच्छ दिसतो. बदल लहान असतो, तेव्हा काउंट लाखांत हवेत.